धातू नदीतला की बाटलीतला?
घोड-भीमेकाठी नमुने घेणाऱ्यांसाठी काय करावे, काय टाळावे

दौंडच्या पुलाखालून भीमेचे बाटलीभर पाणी घेतले, तर ते एकट्या भीमेचे नसते. तुळापूरला इंद्रायणी मिळालेली असते, रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा, आणि दौंडच्या थोडे वर घोड. म्हणजे पिंपरी-चिंचवडची प्लेटिंगची वर्कशॉप, पुण्याचे सांडपाणी, शिरूरकडची औद्योगिक वसाहत आणि वाटेतला सगळा ऊस, या सगळ्यांचा थोडा थोडा वाटा त्या बाटलीत असू शकतो. खाली उजनीचे बॅकवॉटर आहे, आणि तेच पाणी पुढे सोलापूरपर्यंत जाते. त्यामुळे शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतली महाविद्यालये, ग्रामपंचायती आणि नदीवर काम करणारी मंडळी आता शिसे, कॅडमियम, निकेल, क्रोमियम यांची चौकशी करू लागली आहेत, ते बरेच झाले.

अडचण मात्रेची आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. दहा हजार लिटरचा अख्खा टँकर घेतला तर त्यात एक दशांश ग्रॅम शिसे. एवढ्याशा गोष्टीचा माग काढताना अंगठी, बादलीची कडी, हातमोज्यावरची पावडर यांतले काहीही नदीपेक्षा मोठे ठरते. यंत्र लाखांचे असो की कोटीचे, ते बाटलीतले वाचते. आकडा घडतो तो काठावर. म्हणून खालच्या यादीत काठावरच्या गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

निघण्याआधी

करावे: प्रश्न आधी ठरवावा. ‘पाण्यात धातू आहेत का?’ हा प्रश्नच नव्हे. काळ्या पाषाणावरून आणि काळ्या मातीतून वाहणाऱ्या नदीत लोह, मँगनीज, तांबे, निकेल, क्रोमियम थोडेफार असणारच. ते कारखान्यांच्या आधीपासून आहेत. पाणी प्यायला चालेल का, उसाला चालेल का, माशांना सोसेल का, की अमुक ओढ्यातून काही येते आहे का, यांतला कोणता प्रश्न आहे ते एका ओळीत लिहून काढावे. प्रत्येकासाठी जागा, बाटली आणि तपासणी वेगळी लागते. पिण्याचा प्रश्न असेल तर नदीइतकाच नळाचा नमुनाही घ्यावा, कारण लोक पितात ते नळाचे.

करावे: जाड पांढऱ्या प्लॅस्टिकच्या, एचडीपीई जातीच्या बाटल्या घ्याव्यात. त्या दहा टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये किमान एक दिवस बुडवून ठेवाव्यात, प्रयोगशाळेतल्या अतिशुद्ध पाण्याने तीन-चार वेळा खंगाळाव्यात आणि दोन-दोन झिपच्या पिशव्यांत बंद कराव्यात. हे काम आदल्या रात्री होत नाही. आठवडाभर आधी सुरू करावे.

टाळावे: मिनरल वॉटरची रिकामी बाटली. तिच्या प्लॅस्टिकमध्ये अँटिमनी असते. स्टीलचा डबा निकेल-क्रोमियमचा, पितळी तांब्या तांबे-जस्ताचा, आणि रंगीत झाकणाच्या रंगात काय असेल ते सांगता येत नाही. इनामगावला घोडच्या काठी तीन हजार वर्षांपूर्वी तांब्याच्या वस्तू वापरणारे लोक राहत होते, हे डेक्कन कॉलेजच्या उत्खननातून सगळ्यांना ठाऊक आहे. नमुना घेताना मात्र ती परंपरा घरीच ठेवावी.

टाळावे: सोनाराकडचे किंवा कॉलेजच्या फडताळातले जुने नायट्रिक. अशा ॲसिडमध्येच लोह, जस्त, शिसे मुरलेले असते. धातूंच्या तपासणीसाठी वेगळे, अतिशुद्ध ॲसिड मिळते. महाग असते, पण लागते थेंबांनी.

करावे: ज्या प्रयोगशाळेत नमुने जाणार तिच्याकडूनच दोन लिटर अतिशुद्ध पाणी मागून घ्यावे. त्याचे काय करायचे ते पुढे येते. पेट्रोल पंपावरचे बॅटरीचे पाणी त्याऐवजी चालणार नाही, हे सांगावे लागते.

टाळावे: टीडीएस मीटरवर भिस्त ठेवणे. तो विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, आणि तिथे लिटरला शेकडो मिलिग्रॅमचा हिशेब असतो. शिशाची मर्यादा दहापट ओलांडली तरी मीटरचा आकडा हलणार नाही. गावोगाव दिलेल्या पाणी तपासणी किटचेही तसेच. पीएच, कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह यांच्यासाठी ते उपयोगी आहे. शिसे-कॅडमियम त्याच्या आवाक्यात नाही.

जागा निवडताना

करावे: जोडीने नमुने घ्यावेत. संशयाच्या ओढ्याच्या वर एक, खाली एक आणि ओढ्यात एक. वरचा नमुना नसेल तर खालचा आकडा कितीही मोठा निघाला तरी तो कुणाचा, हे सांगता येत नाही.

करावे: संगमाखाली पात्राच्या दोन्ही काठांना आणि मध्ये, अशा तीन ठिकाणी बाटल्या भराव्यात. दोन नद्या भेटल्या म्हणजे लगेच मिसळल्या असे होत नाही. बरेच अंतर त्या शेजारी शेजारी वाहतात, उन्हाळ्यात तर जास्तच. रांजणगाव सांडसच्या खाली एका काठावर घेतलेला नमुना मुळा-मुठेचा असू शकतो आणि समोरच्या काठावरचा भीमेचा. दोन गावांनी एकाच दिवशी नमुने घेतले आणि रिपोर्ट जुळले नाहीत, तर भांडण्याआधी हे पाहावे.

टाळावे: चिठ्ठीवर नुसते ‘रांजणगाव’ लिहिणे. शिरूर तालुक्यातच एक रांजणगाव गणपती आहे, महागणपतीचे आणि एमआयडीसीचे, आणि दुसरे रांजणगाव सांडस, संगमाजवळचे. आलेगाव पागा शिरूरमध्ये, आलेगाव दौंडमध्ये. वडगाव रासाई शिरूरमध्ये, वडगाव बांडे दौंडमध्ये. शिरूरही बीडमध्ये एक आहे आणि लातूरमध्ये एक. प्रयोगशाळेतल्या टायपिस्टला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. गाव, तालुका, नदी, कोणता काठ आणि मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, सगळे लिहावे. बाटलीवर पेन्सिलने किंवा छापील क्रमांकाने लिहावे. शाई-मार्कर बाहेरच्या पिशवीपुरता.

टाळावे: कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावर उभे राहून ढाप्यांना लागून पाणी घेणे. ढापे लोखंडी, गंजलेले. लोह तिथे भरपूर सापडेल आणि ते बंधाऱ्याचे असेल. वरच्या अंगाला, मोकळ्या पाण्यात जावे. ढापे नुकतेच काढले असतील तर साठलेला गाळ उसळलेला असतो. चार-सहा दिवस थांबावे, किंवा गाळ हाच प्रश्न असेल तर नेमके तेव्हाच जावे.

टाळावे: वाळूच्या बोटी चालू असलेल्या पट्ट्यात नमुना घेणे. तळ ढवळला की तळातले धातू वर येतात. आणि आणखी महत्त्वाचे म्हणजे वाळू काढून झालेले खड्डे वरून दिसत नाहीत. गुडघाभर पाणी म्हणून टाकलेले पाऊल दोन पुरुष खोल जाऊ शकते. एकट्याने पाण्यात उतरू नये. खडकवासल्यातून किंवा चासकमानमधून विसर्ग सुरू असेल त्या दिवशी तर उतरूच नये.

करावे: विसर्ग, आवर्तन, पाऊस यांची नोंद नमुन्याबरोबर ठेवावी. भीमेवर चासकमान, घोडवर डिंभे आणि चिंचणी, मुठेवर खडकवासला. या धरणांतून पाणी सुटले की खाली सगळे पातळ होते आणि बंद झाले की घट्ट. मार्चमधला दहाचा आकडा आणि ऑगस्टमधला दोनचा आकडा यांत कारखाना सुधारला असे काही नसते. दौंडकडच्या कालव्याचे पाणी तपासत असाल तर ते कोणत्या कालव्याचे हेही विचारावे. मुंढव्याच्या जॅकवेलमधून पुण्याचे प्रक्रिया केलेले सांडपाणी बेबी कालव्यात सोडले जाते. ते आणि खडकवासल्याचे धरणपाणी एकाच नावाने लिहिले तर रिपोर्ट निरुपयोगी.

करावे: वर्षातून निदान तीनदा जावे: मेमध्ये, ऑगस्टमध्ये, नोव्हेंबरमध्ये. जूनचा पहिला चांगला पाऊस सापडला तर चौथ्यांदा. उन्हाळाभर रस्त्यांवर, आवारांत, नाल्यांत साठलेले सगळे त्या एका पावसात नदीत येते. ओढ्याचा रंग रात्री बदलतो असे गावकरी सांगत असतील तर दुपारी बारा वाजता नमुना घेऊन ‘काही नाही’ म्हणू नये.

करावे: बॅकवॉटरमध्ये आणि चिंचणीच्या जलाशयात वरचे आणि तळाजवळचे, असे दोन नमुने घ्यावेत. उन्हाळ्यात खोल पाण्याच्या तळाशी प्राणवायू संपतो. तसे झाले की गाळात घट्ट बसलेले लोह आणि मँगनीज विरघळून पाण्यात येतात, आणि त्यांना चिकटलेले आर्सेनिकसारखे इतर धातूही सुटतात. काठावरून भरलेल्या बाटलीला यातले काही कळत नाही. जलपर्णीच्या दाट थरातून पाणी घेऊ नये. तिच्या मुळ्या धातू धरून ठेवतात आणि हलवल्या की गाळही सोडतात.

करावे: विसर्जनाचा परिणाम पाहायचा असेल तर आधी, त्या वेळी आणि नंतर, असे तीन वेळा नमुने घ्यावेत. मूर्तींच्या रंगांत जड धातू असू शकतात, म्हणूनच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने विसर्जनाबाबत मार्गदर्शक सूचना केल्या आणि २०२० मध्ये त्या सुधारल्या. फक्त नंतरचा नमुना घेऊन बातमी करणे सोपे आहे. पण भाद्रपदात नदी वाहती असते, त्यामुळे तो आकडा विसर्जनाचा की वरून आलेल्या पाण्याचा, हे एका बाटलीवरून ठरत नाही.

पाण्यात हात घालताना

हे सगळे अती सोवळे वाटेल, म्हणून थोडे विषयांतर. अमेरिकेत क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञाने पृथ्वीचे वय काढण्यासाठी उल्कांमधले शिसे मोजायला घेतले, तेव्हा त्याला जिकडे तिकडे शिसेच सापडू लागले. हवेतून, नळातून, अंगावरच्या कपड्यांतून ते येत होते. खोली, भांडी, रसायने सगळे नव्याने शुद्ध केल्यावर १९५६ मध्ये त्याला ४.५५ अब्ज वर्षांचा आकडा देता आला. पुढे त्याने समुद्राच्या पाण्यातले शिसे मोजले आणि जुने आकडे फुगलेले असल्याचे दिसले. नद्यांची पाळी उशिरा आली. १९९१ मध्ये हर्बर्ट विंडम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नद्यांचे नमुने काटेकोरपणे घेतले. त्या देशाच्या राष्ट्रीय नदी-तपासणी जाळ्याने वर्षानुवर्षे नोंदवलेले विरघळलेल्या धातूंचे आकडे त्यांच्या आकड्यांपेक्षा बरेच जास्त निघाले. फरक नदीत नव्हता, नमुना घेण्याच्या पद्धतीत होता. पैसा, यंत्रे, माणसे सगळे असलेल्या देशात हे झाले. त्यानंतर तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नमुने घेण्याची जी पद्धत लिहून काढली, क्रमांक १६६९, तिचा गाभा दोन माणसांच्या जोडीत आहे.

करावे: दोघांनी जावे. एकाने ‘मळके हात’ व्हावे, दुसऱ्याने ‘स्वच्छ हात’. मळके हात गाडीचे दार उघडतात, खोके उचलतात, नोंदी करतात, बाहेरची पिशवी उघडतात. स्वच्छ हात फक्त आतली पिशवी उघडतात, बाटली बाहेर काढतात, भरतात आणि परत आत ठेवतात. दुसऱ्या कशालाही शिवत नाहीत. नाक खाजले तरी नाही, फोन वाजला तरी नाही. शिवले तर हातमोजे बदलायचे.

करावे: अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. हातमोजे बिनपावडरचे वापरावेत, कारण पावडरीत जस्त असते. उन्हासाठी लावलेल्या क्रीममध्येही जस्ताचे ऑक्साइड असते. मिश्री, तंबाखू, सिगारेट काठापासून लांब. तंबाखूत कॅडमियम असते.

करावे: प्रवाहाकडे तोंड करून उभे राहावे, म्हणजे पायांनी उठवलेला गाळ मागे जातो. बाटलीचे तोंड खाली करून ती वीतभर खोल न्यावी, मग प्रवाह येतो त्या दिशेने वर वळवावी. पृष्ठभागावरचा तवंग नको, तळही नको. पहिल्या तीन वेळा भरून मागच्या बाजूला ओतून द्यावे, चौथ्यांदा भरावे. आतमध्ये आधीच ॲसिड घातलेली बाटली असेल तर मात्र खंगाळायची नाही.

टाळावे: पुलावरून लोखंडी बादली सोडणे. पर्याय नसेल तर प्लॅस्टिकची बादली आणि नायलॉनची दोरी, आणि पुलाच्या वरच्या अंगाने, म्हणजे कठड्यावरचा गंज आणि रंग पाण्यात पडून बादलीत यायला नको.

टाळावे: पीएचचा किंवा वाहकतेचा मीटर नमुन्याच्या बाटलीत बुडवणे. त्यासाठी वेगळा मग ठेवावा आणि तो ओतून द्यावा.

करावे: आता ते अतिशुद्ध पाणी. काठावर, वारा असेल तसा असू द्यावा, त्याची बाटली उघडावी, ते रिकाम्या नमुना-बाटलीत ओतावे, ॲसिड घालावे, झाकण लावावे आणि इतर नमुन्यांसारखाच क्रमांक देऊन ती बाटली पाठवावी. कोणती बाटली ती आहे हे प्रयोगशाळेला कळू देऊ नये. हा कोरा नमुना. त्यात शिसे आले तर बाकी सगळ्या बाटल्यांतल्या शिशाचे काय करायचे ते वेगळे सांगायला नको. दहा नमुन्यांमागे निदान एक कोरा आणि एक जोड-नमुना, म्हणजे त्याच जागी लगेच भरलेली दुसरी बाटली. या दोन बाटल्यांच्या खर्चात कपात करणाऱ्याने मुळात नमुने घेऊच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाटली बंद करताना

करावे: एकूण धातू हवेत की विरघळलेले, हे काठावरच ठरवावे आणि लिहावे. विरघळलेले हवे असतील तर पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून तिथेच गाळावे, आणि गाळल्यावर ॲसिड घालावे. क्रम उलटा झाला की ॲसिड मातीच्या कणांतले धातू सोडवते आणि मग गाळण्याला अर्थ राहत नाही. सिरिंज पूर्ण प्लॅस्टिकची हवी. काळ्या रबरी दट्ट्यातून जस्त येते. फिल्टरमधून आलेले पहिले काही मिलिलिटर टाकून द्यावेत.

आपल्याकडे हा फरक पुस्तकी नाही. ऑगस्टमध्ये भीमा चहाच्या रंगाची असते. ते न गाळता ॲसिड घालून पाठवले तर लोह, मँगनीज, निकेल, क्रोमियम, तांबे सगळे भरमसाट येणार, आणि त्यातला बराच भाग काळ्या पाषाणाच्या भुकटीचा असणार. तो आकडा खोटा नाही, पण त्यावरून कारखान्याच्या दारात मोर्चा नेणे चूक.

करावे: नायट्रिक ॲसिड घालून पीएच दोनच्या खाली आणावा. लिटरला दोन मिलिलिटर घट्ट ॲसिड सहसा पुरते. आपल्या कठीण, खारट पाण्याला थोडे जास्त लागू शकते. पीएचचा कागद बाटलीत बुडवायचा नाही. झाकणात चार थेंब घ्यायचे, ते कागदावर टाकायचे, आणि झाकण शुद्ध पाण्याने धुऊन लावायचे. ॲसिड न घातलेल्या बाटलीत शिसे हळूहळू बाटलीच्या भिंतीला चिकटते, आणि आठ दिवसांनी नदी कागदावर स्वच्छ होते. ॲसिड घातलेला नमुना सहा महिने टिकतो.

टाळावे: सगळे धातू एका बाटलीत कोंबणे. पाऱ्यासाठी काचेची किंवा टेफ्लॉनची वेगळी बाटली आणि वेगळे रसायन लागते, मुदत २८ दिवस. सहा-संयुजी क्रोमियमच्या, म्हणजे प्लेटिंगवाल्या विषारी क्रोमियमच्या बाटलीत ॲसिड घालायचेच नाही. घातले की त्याचे रूप बदलते. ती बर्फात ठेवून २४ तासांत पोचवावी. दौंडहून सकाळच्या गाडीने निघाले तर हे जमते.

टाळावे: घट्ट नायट्रिकची बाटली एसटीत किंवा लोकलच्या डब्यात नेणे. गाडीत, सरळ उभी, प्लॅस्टिकच्या डब्यात, सोबत चष्मा आणि खाण्याचा सोडा.

प्रयोगशाळेच्या दारात

करावे: एनएबीएलची मान्यता आहे का एवढेच विचारू नये. मान्यतेच्या यादीत हा धातू, या प्रकारच्या पाण्यात, या पातळीपर्यंत आहे का, ते पाहावे. मान्यता इमारतीला नसते, तपासणीला असते.

करावे: यंत्र कोणते ते विचारावे. सगळ्यात मोठी फसगत इथे होते, आणि कुणी खोटे न बोलता होते. रिपोर्टवर ‘शिसे: बीडीएल’ असे येते. लोक पेढे वाटतात. बीडीएल म्हणजे यंत्राला दिसण्याच्या खालची पातळी. ज्योतीवर चालणाऱ्या साध्या एएएस यंत्राला शिसे दिसायला लागते तेच मुळी लिटरला काही दशक मायक्रोग्रॅमच्या आसपास, आणि मर्यादा आहे दहा. म्हणजे नमुन्यात मर्यादेच्या दुप्पट शिसे असले तरी रिपोर्ट बीडीएल. कॅडमियमची मर्यादा तीन, तीही या यंत्राच्या आवाक्याच्या काठावरच. ग्राफाइट फर्नेस किंवा आयसीपी-एमएस असेल तर लिटरला एक मायक्रोग्रॅमच्या खालीही पाहता येते. म्हणून ‘बीडीएल’ आले की पहिला प्रश्न: तुमची डीएल, म्हणजे यंत्राला दिसणारी किमान पातळी, किती? तो आकडा रिपोर्टवर छापून मागावा.

टाळावे: बीडीएलला शून्य मानून सरासरी काढणे. ‘पाचपेक्षा कमी’ असेल तर तसेच लिहावे.

करावे: खारट पाण्यातले आर्सेनिक मोजायचे असेल तर क्लोराइडचा आकडा आधी सांगावा. आयसीपी-एमएसमध्ये आर्गॉन वायू असतो. त्याचे ४० आणि पाण्यातल्या क्लोरीनचे ३५ एकत्र आले की ७५ होतात, आणि आर्सेनिकचे वजनही ७५. यंत्राला दोन्ही सारखेच दिसतात. यावर उपाय आहेत, पण मागितल्याशिवाय ते वापरलेच जातील असे नाही. कुरकुंभ भागातल्या क्षार जास्त असलेल्या विहिरींसाठी हे लक्षात ठेवावे.

करावे: रिकव्हरी मागावी. नमुन्यात लिटरला चार मायक्रोग्रॅम आहेत, त्यात मुद्दाम वीस घातले, तर यंत्राने चोवीस सांगायला हवे. पंधरा सांगितले तर घातलेल्या विसातले अकराच सापडले, म्हणजे ५५ टक्के. अशा प्रयोगशाळेचा कमी आकडा आनंदाचा नाही.

आकडा हातात आल्यावर

करावे: एकक तपासावे. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजाराचा फरक आहे, आणि घाईघाईने छापलेल्या बातम्यांत तो सर्रास गळतो.

करावे: विरघळलेला धातू एकूण धातूपेक्षा जास्त दिसतो का ते पाहावे. तसे होऊ शकत नाही. झाले असेल तर फिल्टरने किंवा सिरिंजने घोळ घातला आहे.

टाळावे: एकच फूटपट्टी सगळीकडे लावणे. पिण्यासाठी लिटरला मायक्रोग्रॅममध्ये मर्यादा अशा: शिसे १०, आर्सेनिक १०, कॅडमियम ३, पारा १, निकेल २०, क्रोमियम ५०. जस्त ५,०००, कारण ते तेवढे विषारी नाही. शेतीच्या पाण्यासाठी जागतिक अन्न व कृषी संघटनेची जुनी, १९८५ ची मार्गदर्शक यादी आहे. तिच्यात शिसे ५,०००, कॅडमियम १०, निकेल २००. शिसे मातीत अडकून बसते, पिकात फारसे चढत नाही, म्हणून तिथे एवढी सूट. कॅडमियम मात्र पिकात चढते. जपानमध्ये जिंझू नदीच्या पाण्यावरच्या भातातून लोकांची हाडे ठिसूळ झाली, आणि १९६८ मध्ये सरकारने त्याचे कारण कॅडमियम असल्याचे मान्य केले. तेव्हा ‘शेतीला चालेल’ म्हणताना कोणता धातू ते विचारावे.

करावे: गाळही तपासावा. नदीतल्या धातूंचा मोठा वाटा पाण्यात नसतो, बारीक गाळाला चिकटलेला असतो. पाण्याचा नमुना त्या दिवसाचा, गाळ अनेक महिन्यांचा. पण गाळाचा आकडा परदेशी तक्त्याशी ताडू नये. आपल्या पाषाणात तांबे आणि क्रोमियम मुळातच जास्त. वस्तीच्या आणि कारखान्यांच्या वरचा, डिंभ्याकडचा घोडचा गाळ हा खरा ताळा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत गाळ शेतात टाकायचा असेल आणि तो शहराच्या खालच्या पाण्यातला असेल, तर ट्रॅक्टर लावण्याआधी एक नमुना पाठवणे अवघड नाही.

टाळावे: फेस आणि रंग यांवरून धातू ठरवणे. फेस साबणाचा असतो. कुरकुंभ परिसरातल्या विहिरींच्या रंगीत पाण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत येत आल्या आहेत. ती वसाहत रसायनांची आहे, तिथल्या रंगाचे कारण बहुधा सेंद्रिय रसायनांत शोधावे लागेल. धातूंचा रिपोर्ट स्वच्छ आला म्हणून ते पाणी स्वच्छ ठरत नाही. तिथे सीओडी आणि सेंद्रिय द्रव्यांची तपासणी आधी, धातू नंतर. उलट मुळा-मुठेत आणि इंद्रायणीत निकेल, क्रोमियम, जस्त यांना पहिला मान.

टाळावे: जस्त-तांबे दिसले की लगेच कारखान्याकडे बोट दाखवणे. उसाला झिंक सल्फेट आपणच टाकतो, द्राक्ष-डाळिंबाला बोर्डो मिश्रण आपणच मारतो, कोंबड्यांच्या खाद्यातही ही दोन्ही असतात.

करावे: आकडा मर्यादेबाहेर गेला तर चार-आठ दिवसांत पुन्हा नमुना घ्यावा, आणि त्याच वेळी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवावे. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे कोर्टात चालतो तो मंडळाच्या अधिकाऱ्याने, नोटीस देऊन, रीतसर भाग करून, सीलबंद आणि सह्या करून घेतलेला नमुना. गावकऱ्यांची बाटली पुरावा ठरत नाही. अधिकाऱ्याने कुठे आणि कधी बाटली भरावी, हे सांगण्यापुरती मात्र ती पुरते, आणि अर्जात नेमकी वेळ, जागा, वरचा-खालचा आकडा आणि कोऱ्या नमुन्याचा आकडा असेल तर त्या अर्जाकडे काणाडोळा करणे कठीण जाते.

करावे: सरकारी आकडे माहिती अधिकारात मागावेत. मंडळ या नद्यांचे पाणी ठरलेल्या ठिकाणी नियमित तपासते, केंद्रीय जल आयोगाचेही भीमेवर दौंडला केंद्र आहे. दरमहाच्या तपासणीत बहुतेक पीएच, बीओडी, जिवाणू असतात, धातू निवडक नमुन्यांतच. म्हणून अर्जात ‘पाण्याचा दर्जा’ असे मोघम न लिहिता धातूंची नावे, एकूण की विरघळलेले, पद्धत आणि डीएल मागावी.

करावे: तपासून उरलेला, ॲसिड घातलेला नमुना प्रयोगशाळेने ओतून देऊ नये, असे आधीच लेखी सांगावे. वाद झाला तर त्याच बाटलीतले पाणी सहा महिन्यांच्या आत दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवता येते. कोऱ्या नमुन्याची बाटलीही त्याच्यासोबतच जायला हवी.